मनगटावरचा हिशेबनीस

दोस्तांनो, गोटी सोडा प्यायलाय ना कधी? जत्रेत किंवा एसटी स्टँडच्या बाहेर गाडीवर मिळतो, तो. जाड काचेची बाटली आणि तिच्या गळ्यात अडकलेली काचेची गोटी. गाडीवाला लाकडी दट्ट्या त्या गोटीवर टेकवतो, वरून तळहाताचा एक दणका देतो आणि ‘टॉक्!’ गोटी आत, आणि बाटलीभर बुडबुडेच बुडबुडे!

आता जरा आठवून सांगा. दणका बसण्याआधी त्या बाटलीत बुडबुडे दिसत होते का? छे! अगदी साधं पाणी भरल्यासारखी दिसत होती ती. मग क्षणात एवढे बुडबुडे आले कुठून?

ते आतच होते. सोडा भरताना कार्बन डायऑक्साइड वायू जोराने दाबून पाण्यात घातलेला असतो. दाब आहे तोवर हा वायू पाण्यात विरघळून गुपचूप बसतो. दाब एकदम गेला, की शाळा सुटल्यावर तुम्ही जसे दारातून बाहेर पडता ना, तसा तो सगळा मिळून एकदम बाहेर धावतो. पण एखाद्या सरबताच्या बाटलीचं फिरकीचं झाकण तुम्ही थोडं थोडं फिरवलंत, ‘फुस्स’ करत दाब सावकाश जाऊ दिलात, तर फेस उसळत नाही. वायू तेवढाच. फरक फक्त घाईचा.

ही सोड्याची गोष्ट मी का सांगत बसले आहे? कारण पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल गेलेला पाणबुड्या म्हणजे एक जिवंत सोड्याची बाटलीच असते! (पाणबुडी नव्हे हं, पाणबुड्या. पाणबुडी म्हणजे जहाज, पाणबुड्या म्हणजे माणूस.) त्याला आपलं झाकण सावकाश उघडावं लागतं. किती सावकाश, याचा हिशेब ठेवणारं एक छोटं यंत्र त्याच्या मनगटावर घड्याळासारखं बांधलेलं असतं. त्याचं नाव डाइव्ह कंप्युटर. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

पाण्याचं ओझं

आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाही आपल्यावर एक ओझं असतंच. वर आकाशापर्यंत पसरलेल्या हवेचं. त्याला एक वातावरण दाब म्हणतात. जन्मापासून सवय असल्यामुळे तो आपल्याला जाणवत नाही. पाणी मात्र हवेपेक्षा पुष्कळ जड. समुद्रात फक्त १० मीटर खाली गेलं, म्हणजे साधारण तीन मजली घराएवढं, की आणखी एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट.

पाणबुड्या श्वास घेतो ती टाकीतली हवा बहुतेक वेळा आपलीच साधी हवा असते. पुष्कळांना वाटतं, टाकीत नुसता ऑक्सिजन असतो. तसं नाही. त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तोंडात धरलेलं रेग्युलेटर नावाचं साधन आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा देतं. म्हणूनच खोलवर छाती दबत नाही आणि श्वास घेता येतो. पण याचा अर्थ असा, की २० मीटरवर घेतलेल्या प्रत्येक श्वासात वरच्यापेक्षा तिप्पट हवा भरलेली असते.

त्यातला ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजनचा शरीराला काही उपयोग नाही. तो रक्तात विरघळतो आणि रक्ताबरोबर मेंदू, स्नायू, चरबी, सांधे असा सगळीकडे जाऊन बसतो. दुखत नाही, खुपत नाही. पाणबुड्याला पत्ताही लागत नाही.

खाली जाताना कान दडे बसल्यासारखे होतात, ते मोकळे करत जावं लागतं. खरी परीक्षा असते ती वर येताना. वर येऊ लागलं की दाब कमी होतो आणि आत बसलेला नायट्रोजन बाहेर पडायला लागतो. पाणबुड्या सावकाश आला, तर नायट्रोजन रक्तातून फुप्फुसात आणि श्वासावाटे बाहेर असा शिस्तीत निघून जातो. घाईने आला, तर गोटी सोड्याची गत! रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरतात. सांधे भयंकर दुखतात, हातापायांना मुंग्या येतात. बुडबुडे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडू शकतात. कधी जीवही जातो.

पुलाच्या पायातली पेटी

गंमत अशी, की माणसाला या आजाराचा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला तो समुद्राच्या तळाशी नव्हे, तर पूल बांधताना!

एक प्रयोग करा. काचेच्या पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा. पेला उलटा धरून सरळ बादलीत दाबा. बाहेर काढून बघा. कागद कोरडाच! आत अडकलेल्या हवेने पाण्याला वर येऊ दिलं नाही. आता हाच पेला एखाद्या मैदानाएवढा आणि लाकडाचा आहे अशी कल्पना करा. नदीच्या तळावर तो उलटा टेकवायचा, आत यंत्राने दाबून हवा भरत राहायची, म्हणजे पाणी बाहेर राहतं. मग माणसं आत उतरून तळाची माती खणतात. जसजशी माती निघते तसतशी पेटी खाली बसते. अशा पेटीला केसन म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल अशाच पेट्यांवर उभा आहे.

१८७० साली पहिली पेटी नदीत बसली. पेट्या जसजशा खोल जाऊ लागल्या, तसतसे मजूर आजारी पडू लागले. गंमत नव्हे, आश्चर्य बघा: आत काम करताना माणूस ठणठणीत, आणि पाळी संपवून बाहेर आल्यावर थोड्या वेळाने कळवळायला लागे! मजूर कमरेत वाकून चालत. त्या काळी बायकांमध्ये किंचित पुढे वाकून चालायची फॅशन होती, तिला ‘ग्रीशियन बेंड’ म्हणत. मजुरांनी चेष्टेने आपल्या दुखण्यालाही तेच नाव दिलं. आजही पाणबुडे या आजाराला ‘बेंड्स’ म्हणतात ते त्यामुळे.

न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी ७८ फूट खोल गेली. तिथल्या डॉक्टरांनी ११० रुग्णांची नोंद केली. खुद्द मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली या आजाराने असे आडवे झाले, की पुढची कितीतरी वर्षं त्यांना घरातूनच काम पाहावं लागलं. खिडकीतून दुर्बीण लावून ते पूल बघत. आणि रोजच्या कामाच्या सूचना घेऊन जाणार कोण? त्यांच्या पत्नी, एमिली रोबलिंग. त्या गणित शिकल्या, पोलादाची ताकद, दोरखंडांचे हिशेब शिकल्या, आणि इंजिनिअर मंडळींशी बोलून काम पुढे नेलं. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. मुलींनो, ही बाई लक्षात ठेवा!

दरम्यान, १८७८ साली फ्रान्सच्या पॉल बेर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हा सगळा खेळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे. आजाराचं कारण कळलं. पण वर यायचं तरी किती सावकाश? ‘सावकाश’ म्हणजे नेमकं किती?

शेळ्या, पोलादी खोली आणि एक तेरा वर्षांचा मुलगा

या प्रश्नाचा पिच्छा पुरवला ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलाने त्यांना हे काम दिलं होतं. लंडनमध्ये एका पोलादी खोलीत शेळ्या ठेवून त्यांनी आतला दाब वाढवला आणि मग वेगवेगळ्या पद्धतींनी कमी केला. शेळ्याच का? एक तर त्या उंदरासारख्या चिमुकल्या नसतात. आणि सांधा दुखला, की शेळी तो पाय उचलून धरते. तिला बोलता येत नाही, पण कुठे दुखतंय ते लगेच दिसतं. बिचाऱ्या शेळ्या! त्यांच्यामुळे किती पाणबुड्यांचे प्राण वाचले, हे त्यांना कोण सांगणार?

हाल्डेनना दोन मोठ्या गोष्टी उमगल्या. पहिली, शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. तव्यावरून उतरलेली पोळी पटकन निवते आणि पातेल्यातली खिचडी तासभर गरम राहते, तसंच. जिथे रक्त भरपूर खेळतं ते भाग लवकर भरतात आणि लवकर रिकामे होतात. जिथे रक्त कमी पोचतं ते भाग सावकाश भरतात आणि रिकामेही सावकाशच होतात.

हे त्यांनी गणितात मांडलं. समजा, एक भाग ‘५ मिनिटांचा’ आहे. म्हणजे पहिल्या ५ मिनिटांत तो अर्धा भरतो. पुढच्या ५ मिनिटांत उरलेल्या अर्ध्याचा अर्धा, म्हणजे एकूण पाऊण. त्यापुढच्या ५ मिनिटांत उरलेल्या पावाचा अर्धा, म्हणजे एकूण सात अष्टमांश. आला ना अपूर्णांक! ‘बाई, अपूर्णांकांचा उपयोग काय?’ असं मला वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं हे एक उत्तर. हाल्डेननी शरीराचे असे पाच काल्पनिक भाग धरले. ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे.

दुसरी गोष्ट अशी, की दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीर सहसा सहन करतं. म्हणून ३० मीटरवरून, म्हणजे चौपट दाबातून, दुप्पट दाबाच्या १० मीटरपर्यंत यायचं. तिथे थांबायचं. नायट्रोजन थोडा निघून जाऊ द्यायचा. मग पुढचा टप्पा, पुन्हा थांबायचं. घाट उतरताना गाडी थांबत थांबत येते तसं. १९०८ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याची कोष्टकं छापली. पुढे त्यांतले आकडे बदलले, काही नियम कडक करावे लागले, पण पद्धत तीच राहिली.

हाल्डेन यांचा मुलगाही या उद्योगात होता. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात वडिलांचे प्रयोग चालू असताना हा तेरा वर्षांचा पोरगा पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरला! पोशाख मोठ्या माणसाचा, त्यामुळे मनगटापाशी सैल. आत पाणी शिरत होतं, तरी पठ्ठ्या खाली जाऊन आला. हेच पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले. १९५७ साली ते भारतात राहायला आले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

फूटपट्टी मोठी की छोटी?

आता कंपासपेटी उघडा. त्यातली १५ सेंटीमीटरची पट्टी काढा. दप्तरात ३० सेंटीमीटरची मोठी फूटपट्टी असेल, तीही काढा.

१९५० नंतर पाठीवर टाकी बांधून पोहणारे पाणबुडे वाढले. अमेरिकेच्या नौदलात वाद पडला. जड शिरस्त्राण घालून दोराने वर ओढले जाणारे पाणबुडे म्हणत, मिनिटाला २५ फूट पुरे. पोहत जाणारे चपळ पाणबुडे म्हणत, आम्हाला १०० फूट हवेत. शेवटी मधला आकडा ठरला, मिनिटाला ६० फूट. म्हणजे सेकंदाला १ फूट. लक्षात ठेवायला सोपं! सेकंदाला एक फूटपट्टी. हा नियम काही शेळ्यांवर तपासून आला नव्हता, तो दोन गटांच्या तडजोडीतून आला होता. आणि तरी जगभरातले हौशी पाणबुडे तो कित्येक वर्षं पाळत राहिले.

पुढे लक्षात आलं, की एवढा वेगही जास्तच आहे. १९९३ साली अमेरिकी नौदलाने तो निम्मा केला, मिनिटाला ३० फूट. आज हौशी पाणबुड्यांना साधारणपणे मिनिटाला ९ ते १० मीटर एवढाच वेग शिकवतात. ९ मीटरला ६०ने भागा. सेकंदाला १५ सेंटीमीटर. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतली छोटी पट्टी! एक सेकंद, एक छोटी पट्टी. बोट धरून भिंतीवर करून पाहा बरं. ‘एक... दोन... तीन...’ इतकं सावकाश, की कंटाळा यावा. पुष्कळ इमारतींची साधी लिफ्टसुद्धा सेकंदाला सुमारे एक मीटर चढते. पाणबुड्याने तिच्या सहापटीहून सावकाश यायचं.

आणि पाण्यात हे तेवढं सोपं नाही. बाजूला ना भिंत ना जिना. वर निळं, खाली निळं. आपण स्थिर आहोत की वर चाललो आहोत, हे पुष्कळदा समजतच नाही. त्यात आणखी एक खोडी आहे. पाणबुड्याच्या अंगात हवा भरायचं एक जाकीट असतं. थोडं वर आलं की दाब घटतो, जाकिटातली हवा फुगते. फुगली की ती पाणबुड्याला आणखी वर ढकलते. आणखी वर गेलं की आणखी फुगते! म्हणून वर यायचं तर जाकिटात हवा भरायची नसते, उलट थोडी थोडी सोडत यायची असते. नवशिक्यांना हे ऐकून नवल वाटतं.

शेवटचा टप्पा सगळ्यांत फसवा. ३० मीटरवर एका फुग्यात १ लिटर हवा भरली, तर २० मीटरवर ती सव्वा लिटरपेक्षा थोडी जास्त होते. १० मीटरवर २ लिटर. आणि पृष्ठभागावर चक्क ४ लिटर! शेवटच्या १० मीटरमध्येच दोन लिटरची वाढ. वर लख्ख उजेड दिसतो, होडीचं बूड दिसतं, मन म्हणतं ‘चला, आलोच!’ आणि नेमकं तिथेच सर्वांत सांभाळायचं असतं. म्हणून ५ मीटरवर आलं की तीन मिनिटं थांबण्याची पद्धत आहे. पोहायचं नाही, वर जायचं नाही, नुसतं तरंगत थांबायचं.

रिक्षाचं मीटर

पूर्वी पाणबुडे कोष्टकं वापरत. प्लॅस्टिकच्या पाटीवर छापलेलं कोष्टक, सोबत एक घड्याळ आणि एक खोली मोजणारं साधन. आजही वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध कोष्टकात १८ मीटरवर जास्तीत जास्त ५६ मिनिटं, ३० मीटरवर २० मिनिटं आणि ४० मीटरवर अवघी ९ मिनिटं दिली आहेत. तेवढ्या वेळात वर यायला निघालं, तर वाटेत सक्तीने थांबे घ्यावे लागत नाहीत. तीन मिनिटांचा तो थांबा मात्र शहाणा पाणबुड्या तरीही घेतो.

पण कोष्टकाची एक अडचण होती. पाणबुड्या ३० मीटरवर दोनच मिनिटं गेला आणि उरलेला वेळ १२ मीटरवर मासे बघत हिंडला, तरी कोष्टक म्हणे, ‘तू सगळा वेळ ३० मीटरवरच होतास!’ हे झालं ठोक भाड्यासारखं. जवळ उतरा नाहीतर लांब, पैसे सारखेच. डाइव्ह कंप्युटर म्हणजे रिक्षाचं मीटर. जेवढा जाल तेवढंच मोजणार.

१९८३ साली अमेरिकेत ‘एज’ नावाचा आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘डेकोब्रेन’ नावाचा कंप्युटर आला. हे अगदी सुरुवातीचे. चांगले ठोकळ्यासारखे मोठे होते. झुरिकचे डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमान यांनी हाल्डेनचं गणित आणखी बारकाईने मांडलं होतं. त्यांनी पाचाऐवजी सोळा भाग धरले. सगळ्यांत चपळ भाग चार-पाच मिनिटांचा, आणि सगळ्यांत आळशी भाग ६३५ मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त! आजच्या पुष्कळ कंप्युटरांत हेच गणित आहे.

आत असतं काय? मुख्य म्हणजे दाब मोजणारा एक चिमुकला भाग आणि एक घड्याळ. दाबावरून खोली कळते. दर काही सेकंदांनी तो खोली बघतो आणि सगळ्या भागांचा हिशेब पुन्हा मांडतो. कोणता भाग किती भरला, किती रिकामा झाला. पडद्यावर आकडे दिसतात: आता किती खोल आहात, किती मिनिटं झाली, आणि या खोलीवर आणखी किती मिनिटं राहता येईल. हा शेवटचा आकडा शून्यावर गेला, तर समजा की डोक्यावर एक अदृश्य छत आलं. आता थेट वर यायला मनाई. कंप्युटर सांगेल त्या खोलीवर, सांगेल तेवढी मिनिटं थांबूनच वर यायचं.

वर येताना पडद्याच्या कडेला वेगाच्या रेघा दिसतात. वेग वाढला की रेघा वाढतात, आणि मर्यादा ओलांडली की ‘पीं पीं पीं!’ तेव्हा घाबरून पुन्हा खाली पळायचं नसतं. जाकिटातली हवा सोडायची, वेग कमी करायचा, हवं तर जागीच थांबायचं.

त्याला काय ठाऊक नसतं?

इथे मला थोडं रोखठोक बोलायचंय, आणि आईबाबांनीही हे वाचावं. कंप्युटर तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजत नाही! तुमच्या अंगात काय चाललंय हे त्याला मुळीच ठाऊक नसतं. तो एका काल्पनिक माणसाचा हिशेब करतो आणि तुम्ही तसेच असाल असं धरून चालतो. तुम्ही रात्री झोपला नाहीत, पुरेसं पाणी प्यायला नाहीत, थंडीने कुडकुडत आहात, प्रवाहाविरुद्ध पोहून दमला आहात, यातलं त्या हिशेबात काही येत नाही. म्हणून ‘आणखी ३ मिनिटं’ दिसतात तोवर तिथे रेंगाळायचं, हे शहाणपण नव्हे. नियम पाळूनसुद्धा क्वचित कुणाला त्रास होतो. तसं झालं तर शुद्ध ऑक्सिजन देतात आणि रुग्णाला दाबाच्या खास खोलीत ठेवून पुन्हा सावकाश ‘वर’ आणतात.

प्रत्येकाचा कंप्युटर स्वतःचा हवा. ‘तू आणि मी बरोबरच होतो, एकात दोघांचं भागेल’ हे चालत नाही. एकजण दोन मीटर खाली पोहत असेल, किंवा सकाळी एक बुडी जास्त मारून आलेला असेल. दुपारच्या बुडीआधी मित्राचा कंप्युटर उसना घेणं तर त्याहून वाईट. त्यात सकाळचा हिशेब मित्राचा असतो, तुमचा नाही! दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर आपलं नाव घालण्यासारखंच ते. आणि पाण्यात कंप्युटर बंद पडलाच, तर बुडी तिथेच संपली. छोट्या पट्टीच्या वेगाने वर यायचं, ५ मीटरवर थांबायचं आणि घरी जायचं.

मालवणला जाताय?

सुटीत तुमच्यापैकी पुष्कळजण मालवण-तारकर्लीला जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळपास स्कुबा करवतात. गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, अंदमान इथेही लोक जातात. पहिल्यांदा जाणाऱ्या पर्यटकांची बुडी उथळ आणि थोड्या वेळाची असते. प्रशिक्षक धरूनच असतो. इतक्या उथळ, छोट्या बुडीत नायट्रोजनचा प्रश्न सहसा येत नाही. पण दुसरा एक येतो, आणि तो कंप्युटर सोडवू शकत नाही.

टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. कधीही! छाती भरून श्वास घेतला, रोखून धरला आणि तसेच वर आलात, तर मघाचा फुगा आठवा. आतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. अगदी दीड मीटर खोलीवरूनसुद्धा. नदीत किंवा विहिरीत पोहणाऱ्या मुलांना श्वास रोखायची पक्की सवय असते, म्हणून त्यांना हे मुद्दाम सांगते. विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन खाली जाता आणि तीच घेऊन वर येता, म्हणून चालतं. टाकीची हवा खालीच, दाबाखाली भरलेली असते.

आईबाबांनो, होडीत चढण्याआधी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, तो खरा भरा. दमा असेल तर लिहा. मुलाचं नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी बुडी नको, पैसे भरलेले असले तरीही. पद्धतशीर शिक्षण द्यायचं असेल, तर ‘पॅडी’ या संस्थेच्या नियमाप्रमाणे १० वर्षांपासून शिकता येतं. पण १०-११ वर्षांच्या मुलाने १२ मीटरपेक्षा खोल जायचं नाही, आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलाने १८ मीटरपेक्षा.

आणि खोल बुड्या मारणाऱ्यांसाठी एक गंमत. पाण्याबाहेर आल्यावरही कंप्युटर झोपत नाही. तुम्ही सोलकढी पीत बसलात तरी तो हिशेब करतच असतो, आणि पडद्यावर विमानाचं छोटं चित्र दाखवतो. म्हणजे अजून विमानात बसू नका! विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणजे झाकण आणखी थोडं उघडल्यासारखंच. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबावं, असं सांगतात. त्या ६३५ मिनिटांच्या आळशी भागाची आठवण झाली ना? घाटाचंही असंच. मालवणहून कोल्हापूरला यायचं तर घाट चढावाच लागतो, आणि आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. खोल बुडी झाली असेल, तर परतीची वेळ प्रशिक्षकाला विचारूनच ठरवावी.

आता वही काढा. दोन मैत्रिणी २३ मीटर खोलीवर आहेत. त्यांनी बरोबर १० वाजून ४० मिनिटांनी पृष्ठभागावर पोचायचं ठरवलंय. ५ मीटरपर्यंत त्या मिनिटाला ९ मीटर वेगाने येणार, तिथे ३ मिनिटं थांबणार आणि उरलेले ५ मीटर यायला पूर्ण १ मिनिट लावणार. तर त्यांनी तळ किती वाजता सोडायचा?

(उत्तर: १० वाजून ३४ मिनिटांनी.)